अर्धं तिकीट, वाई

माझ्या आईला दर मे महिन्यात माहेर असायचं. एक ट्रंक, आम्ही दोघं भावंडं आणि सांगलीची एसटी. तिथे पोचली की ती उशिरा उठायची, मावश्यांबरोबर मध्यरात्रीपर्यंत खिदळायची, दुपारभर क्रोशाच्या सुईशी खेळत बसायची. आम्ही जेवलो की नाही याचा तिला पत्ता नसायचा. ते आजी बघायची. आम्हाला वाटायचं, आपण आजोळी आलोय. आईसुद्धा कुठेतरी आलेली असायची हे आत्ता, एकोणचाळिसाव्या वर्षी कळतंय.

माझं माहेर सिंहगड रोडला, सासर कोथरूडला. माहेरी जाते म्हणजे जाताना रिकामा डबा नेते आणि येताना भरलेला आणते.

मग राहिल्या ट्रिपा. दिवाळीत कोकणात चार दिवस गेलो होतो. टोप्या कुठेत, उलटीची गोळी घेतली का, धाकट्यासाठी साधा वरणभात सांगा. घरचंच सगळं काम, फक्त मिक्सर नव्हता. नवरा चांगला आहे हो, सगळं उचलू लागतो. पण "काय काय घ्यायचं?" हे मलाच विचारतो.

गेल्या वर्षी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई गेली. मैत्रीण साताऱ्याला असते. ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते, एका हाताने हात जोडलेलं स्टिकर पाठवलं. ज्या बाईने आम्हाला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला नेलं, पेपर सुटेपर्यंत बाहेर उन्हात थांबली, तिच्यासाठी एक स्टिकर! दोन महिन्यांनी लाज वाटून फोन केला. ती म्हणाली, "अर्ध्यात ये की." अर्ध्यात म्हणजे वाई.

घरी सांगितल्यावर पहिला प्रश्न, "काही काम आहे का तिकडे?" काम नाही म्हणायला जीभ रेटेना. (कामच आहे म्हणून सांगितलं. खोटं बोलले.) स्वारगेटला कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. त्यावर "सरकार फुकटं फिरवतंय बायकांना" म्हणणारे आमच्या सोसायटीतही आहेत. त्यांनी एकदा त्या गाडीत बसून बघावं. माझ्या शेजारची बाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती, पुढची गुडघे दाखवायला, मागच्या दोघी बाजारहाटाला. नुसती फिरायला निघालेली मी एकटीच. खंबाटकी चढेपर्यंत मला त्याचंही अपराधी वाटत होतं.

वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर देवळापाशी एक भलीमोठी घंटा. ती मुळात चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली. तिच्यावर १७०७ साल आहे आणि मेरी, बाळ येशूला घेतलेली. शंकराच्या शेजारी तीनशे वर्षांची लेकुरवाळी! मी लेकीची चित्रकलेची वही आणि तिची संपत आलेली रंगपेटी नेली होती. इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती, त्यानंतर ब्रश हातात धरला तो तेल लावायचा, डोशाच्या तव्याला.

तीनदा काढली. घंटा जमली, आईही जमली, पण बाळ दर वेळी पिठाच्या पिशवीसारखं यायचं. दोन मुलं कडेवर वाढवली, तरी मूल कडेवर नेमकं कुठे टेकतं हे हाताला आठवेना. धुणं घेऊन आलेल्या एका आजींनी वाकून पाहिलं. "घागर हाय व्हय?"

मैत्रीण शेजारी कंदी पेढ्यांचा पुडा उघडून आईबद्दल बोलत होती. मी चित्र काढत होते म्हणून तिला बोलता आलं, असं ती नंतर म्हणाली. समोरासमोर बसलो असतो तर दोघी रडलो असतो आणि विषय बदलला असता. जात्यावर बसलेल्या बायकांचंही असंच होत असणार. हात खुंट्याला, नजर पिठावर, मग तोंडातून ओवी सुटायची. लाखाच्या वर ओव्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून गोळा केल्यात. त्यांत माहेराच्या वाटेच्या कितीतरी आहेत. एकीलाही त्यासाठी वेगळा वेळ कुणी काढून दिला नव्हता, हे खरं. पण म्हणून आम्हीही कामातूनच सुचवून घ्यावं, हे मला पटत नाही. एक अख्खा दिवस पाहिजे. बिनकामाचा.

आता आम्ही दर दोन महिन्यांनी जातो. घरी आता खरं सांगते. मागच्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "मीही येऊ का? माझं तर तिकीटच लागत नाही." पंचाहत्तरी उलटल्यापासून त्यांना एसटी फुकट आहे. मी हो म्हणणार होते, पण जीभ चावली. त्या आल्या की पुन्हा गोळ्या, शाल, "चहा कमी साखरेचा द्या."

त्यांची शाळेतली एक मैत्रीण कऱ्हाडला असते. माझ्या नणंदेकडून नंबर मिळवलाय. शनिवारी दोघी स्वारगेटला एकत्रच निघतोय. त्या कऱ्हाडच्या गाडीत बसतील, मी वाईच्या.