टी-शर्टवरच्या त्या कोडने कुणाचा पासवर्ड फुटत नाही

‘1995 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने टी-शर्टवर गुप्त कोड छापला. त्या कोडने कुठलाही पासवर्ड फुटतो. त्याला 10 वर्षांची कैद झाली, पण शेवटी त्या टी-शर्टमुळे सरकारला कायदा मागे घ्यावा लागला. कोड आजही फिरतोय, मोबाइलवरून पैसे पाठवू नका!’ हा मेसेज वाचून आमच्या मावशीने फोनवरून वीजबिल भरणं बंद केलं. गुडघे दुखत असताना ती आता रांगेत उभी राहते. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी पासवर्डचं, कारण खरं नुकसान तिथेच आहे. टी-शर्टवर पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या मोजक्या ओळी होत्या. त्या संगणकतज्ज्ञ ॲडम बॅक यांच्या, आणि ते अमेरिकन नव्हे, ब्रिटिश. त्या ओळी आरएसए पद्धतीने मजकूर सांकेतिक करतात: मजकुराची संख्या करायची, तिचा घात काढायचा, एका प्रचंड संख्येने भागायचं आणि उरलेली बाकी पाठवायची. ती उलगडायला खासगी किल्ली, म्हणजे फक्त मालकाकडे असलेली गुप्त संख्या लागते, आणि ती शर्टावर नव्हती. कुलूप कसं बनतं हे कळल्याने चोराला तुमच्या घराची किल्ली मिळते का? आणि गुप्त कसलं? रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी ही पद्धत 1978 मध्येच छापून जाहीर केली होती. मावशीला सावध करायचंच असेल तर ओटीपी मागणाऱ्या फोनबद्दल करा.

एक गोष्ट मान्य करतो: कायदा खरोखरच तसा होता. भक्कम एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या युद्धसामग्रीच्या यादीत होतं. विनापरवाना निर्यातीला 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. शर्टावर ‘हा शर्ट युद्धसामग्री आहे’ असं छापलं ते याच्याच निषेधार्थ. 1994 मध्ये फिल कार्न या इंजिनिअरना सरकारने कळवलं की ब्रूस श्नायर यांचं एन्क्रिप्शनवरचं पुस्तक खुशाल परदेशी पाठवा. त्याच पुस्तकातला कोड फ्लॉपीवर घातला की मात्र परवाना हवा! पण शर्टासाठी कैद कुणालाच झाली नाही. पीजीपी हे ईमेल सांकेतिक करणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या फिल झिमरमन यांचीसुद्धा चौकशी जानेवारी 1996 मध्ये आरोपपत्राविना संपली.

राहिला कायदा शर्टामुळे मागे घेतल्याचा दावा. आपला एन्क्रिप्शनचा कोड प्रसिद्ध करता यावा म्हणून डॅनियल बर्नस्टाइन कोर्टात गेले, आणि एप्रिल 1996 मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी सोर्स कोडला, म्हणजे प्रोग्रामच्या लिहिलेल्या ओळींना, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे असं म्हटलं. त्याच नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एन्क्रिप्शनच्या निर्यातीचा विषय वाणिज्य खात्याकडे सोपवला. नियम खऱ्या अर्थाने सैल झाले ते जानेवारी 2000 मध्ये, आणि त्यात सॉफ्टवेअर कंपन्यांच्या दबावाचाही मोठा वाटा होता.