इंजेक्शनाच्या आधी कंबरेचा घेर

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आहे आणि गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. फोंड्याच्या नातलगांशी यावर बोलताना दोनच मते कानी पडतात: भात आणि पाव सोडा, किंवा वजन उतरवणारी नवी इंजेक्शने घ्या. इंग्लंडमध्ये राहून मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात.

न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत रुग्णांची मधुमेहाची औषधे थांबवून काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा द्रवाहार दिला गेला आणि नंतर नेहमीचे जेवण हळूहळू सुरू केले गेले. वर्षाअखेर ४६ टक्के आणि दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्के रुग्णांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या पातळीखाली होती, कारण यकृत व स्वादुपिंडातील चरबी उतरल्यावर इन्सुलिनचे काम सुधारते. येथील सरकारी आरोग्यसेवा आता असा कार्यक्रम पात्र रुग्णांना मोफत देते. इंजेक्शनेही परिणामकारक आहेत, पण त्यांपैकी सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश वजन वर्षभरात परत चढल्याचे दिसले आहे. आयुष्यभराचा तो खर्च किती गोमंतकीय कुटुंबांना झेपेल?

तरीही इंग्लंडचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. त्या चाचणीतले जवळजवळ सर्व रुग्ण श्वेतवर्णीय होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे छापली: उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणारा माणूस निर्धास्त राहतो, तो या फरकामुळे फसतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चाचणीत आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतील तशाच प्रयोगात ही घट ५८ टक्के होती.

म्हणून पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीनंतर कंबरेचा घेर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली जावी, तसेच गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने पेज, कडधान्ये आणि मासळी यांवर बेतलेल्या कमी कॅलरींच्या आहाराची रीतसर चाचणी हाती घ्यावी. राज्य लहान असल्यामुळे रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे गोव्यात इतर राज्यांपेक्षा सोपे आहे, आणि त्या चाचणीसाठी सरकारने येत्या अर्थसंकल्पातच स्वतंत्र तरतूद करावी.