‘तक्रारखोरी’ या शब्दाबद्दल

नेरूळहून लिहिणाऱ्या वाचकांना,

अपंग विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस, आणि वाढीव वेळ मिळणं हा हक्क आहे, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रारीवर अहवाल द्यायची मुदत मी १५ दिवस लिहिली होती. ती कामाचे १५ दिवस अशी हवी. तुमचं बरोबर आहे, दुरुस्ती केली. कॉलेजांत माणसं कमी आहेत, हेही मान्य. त्यावर आणखी काय बोलणार?

पण तुमचं एक वाक्य मला झोपू देईना: ‘तुमच्यासारखे लोक पोरांना अभ्यासाऐवजी तक्रारखोरी शिकवतात.’

माझ्यासारखे म्हणजे कसे, साहेब? मी कळव्यात वाढलो. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही, डाव्याने पुस्तक नाकाला टेकवल्याशिवाय अक्षर लागत नाही. १९९९ साली ठाण्यातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अर्थशास्त्राच्या पेपराला लेखनिक आला तो पाऊण तास उशिरा. तेवढा वेळ भरून द्या म्हटलं, तर पर्यवेक्षक म्हणाले, “बाकीच्या मुलांवर अन्याय होईल.” मी मान खाली घातली. एक ओळही कुणाला लिहून दिली नाही. नऊ गुणांनी गेलो आणि वर्ष वाया गेलं. वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते, पुढच्या वर्षीची फी त्यांनी पतपेढीतून उचलली. गप्प बसण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे, ती मला कुणी शिकवू नये.

अपंग व्यक्तींसाठी १९९५ चा कायदा तेव्हाही होता. आम्हाला तो कोणी सांगितला नाही, म्हणून मी आज सांगत बसतो. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेला समान संधी धोरण जाहीर करायला लावलं आहे. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटं वाढीव दिली, म्हणजे तीन तासांच्या पेपराला पूर्ण तास. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाचीच अट घालता येत नाही. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. ‘अन्याय’ हा शब्द पर्यवेक्षकांनी वापरला, तसाच तुम्हीही वापरलात. माझ्या पेपरातला पाऊण तास गेला, तो मात्र तुमच्या हिशेबात कुठेच येत नाही.

आणि तक्रार हा शब्द मी आणलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ च्या नियमांत समितीच्या नावातच तो घातला आहे. समितीच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील आहे, तिथे निवृत्त कुलगुरू, प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश बसतात. एवढी माणसं तक्रारखोरांसाठी नेमली आहेत, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

३० वर्षं शिकवल्याचं तुम्ही लिहिलंत. त्या वर्षांत माझ्यासारखा एखादा तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर असेलच. त्याने तुम्हाला काही मागितलं नाही, म्हणून त्याला काही लागत नव्हतं असं समजू नका. हे कडक वाटलं तर वाटू द्या.

बाळकूमचा एक मुलगा परवा माझ्याकडे आला होता. त्याचा अर्ज दोन प्रतींत लिहून दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला सांगितलं. तो आज शिक्का घेऊन आला. त्याचा पेपर सोमवारी आहे.