रानपिंगळा सापडला म्हणून मोजणी संपत नाही

"रानपिंगळा १९९७ मध्येच सापडला. आता घुबडं मोजणं म्हणजे सरकारी पैशावर जंगलात भटकणं. अंधारात कोण काय मोजणार?" नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा मजकूर आठवडाभर फिरतोय, आमच्या घरच्या गटावरही आला. मी दहा वर्षं मेळघाटात घुबडं मोजतोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

अंधाराचं आधी सांगतो. रानपिंगळा, म्हणजे रानातलं एक छोटं घुबड, दिवसा शिकार करतो. हिवाळ्यात सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर तिन्हीसांजेला कलकलाट करतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं.

'सापडला' हा शब्द तर फारच स्वस्त करून टाकलाय. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नव्हता. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातला रानपिंगळ्याचा एक जुना, पेंढा भरलेला नमुना चोरून, १९१४ साली आपणच गुजरातेत मिळवला अशी चिठ्ठी त्याला लावली. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी हिंडले. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासून ही लबाडी उघड केली आणि १९९७ च्या नोव्हेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ त्यांच्या चमूला पक्षी दिसला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. मेळघाटात, मध्य प्रदेशात नोंदी झाल्या, २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. या सर्वेक्षणांमुळेच २०१८ मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय (आययूसीएन) यादीत 'अतिसंकटग्रस्त' गटातून 'संकटग्रस्त' गटात आला. तरीही जगात प्रौढ पक्षी हजारापेक्षा कमीच असावेत, असा अंदाज आहे. पैशाचं म्हणाल, तर प्रकल्प संपला की आमच्यापैकी बहुतेकांचा पगारही संपतो.

राहिलं मोजायचं कसं ते. एका जागी थांबून ठरावीक वेळ कान देतो, लागलं तर रेकॉर्ड केलेली हाक थोडाच वेळ वाजवतो, कारण जास्त वाजवली की जोडी अस्वस्थ होते. उत्तर आलं नाही म्हणजे पक्षी नाही, असं धरता येत नाही. म्हणून त्याच जागी पुन्हापुन्हा जायचं, आणि किती फेऱ्यांत तो आढळला यावरून आपल्या नजरेतून किती सुटले असतील याचा हिशेब मांडायचा. माझ्या वहीत नाल्याकाठची एक जागा आहे. तिथे तीन फेऱ्या काहीच नाही. चौथ्या फेरीत सागाच्या ढोलीतून मादीने डोकं बाहेर काढलं आणि शेजारच्या फांदीवर नर सरडा घेऊन बसला होता.