दादा आळशी नव्हता

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी तो व्हिडिओ टाकला, पन्नाशीनंतर मर्दानी ताकद परत आणणाऱ्या कॅप्सूलचा, आणि खाली लगेच एकाने लिहिलं की आयुष्यभर अंग चोरणाऱ्यांचंच टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी होतं. त्यावर भराभर अंगठे पडले. डोकंच फिरलं माझं. त्या ग्रुपमध्ये माझा थोरला भाऊ पण आहे, त्याने वाचलं असणार आणि नेहमीसारखा गप्प बसला असणार. मी नाही बसणार. त्याला विचारूनच लिहितेय, "लिही, फक्त नाव नको" एवढंच म्हणाला.

पन्नाशीच्या आसपास दादा थकायला लागला. थकायला म्हणजे जिन्याच्या मधल्या वळणावर कठडा धरून उभा राहायचा, आणि मागून कुणी आलं की खिशात काहीतरी शोधतोय असं दाखवायचा. डॉक्टर म्हणाले वय झालंय, चालायला जा. जात होता की रोज! मग एकदा साधा पाय घसरून पडला आणि मनगट मोडलं, आणि इतक्याशा पडण्याने हाड कसं मोडलं हा प्रश्न प्लास्टर घालणाऱ्यालाही पडला नाही. पुढे एका डॉक्टरबाईंनी हाडांची घनता तपासली, ती कमी निघाली, हे हार्मोन कमी असलं तरी हाडं ठिसूळ होतात म्हणून त्यांनी टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितलं. तेही खूपच कमी.

आता अंगठेवाल्यांनी जरा नीट वाचा. तिशी-चाळिशीनंतर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन साधारण वर्षाला एक टक्क्याने उतरत जातं. पण सगळे एकाच पातळीवरून उतरायला लागत नाहीत, आणि ती पातळी काही अंशी जन्मापासूनच ठरलेली असते. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं, ते बनवणारं जनुक १७ व्या क्रोमोसोमवर असतं. २०११ मध्ये चौदा हजारांवर पुरुषांचा अभ्यास आला, त्यात या जनुकातले आणि एक्स क्रोमोसोमवरचे काही छोटे बदल सापडले. एसएचबीजीमधल्या धोक्याच्या बदलांच्या तीन किंवा जास्त प्रती असलेल्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन डेसीलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमच्या खाली, म्हणजे कमी, असण्याची शक्यता, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा साधारण साडेसहा पट निघाली. म्हणजे दोन माणसं एकाच वयाची, दोघंही तेवढंच चालणारी, तरी रिपोर्ट वेगळे येऊ शकतात. यात अंग चोरलं कुणी?

आणि उलटंही असतं, ते प्रथिनच कमी असेल तर एकूण आकडा कमी दिसतो पण मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असतं, म्हणून एका आकड्यावर घाबरून कॅप्सूल मागवायच्या नसतात.

हो, सुटलेलं पोट, डायबेटीस, झोपेत श्वास अडकणं यानेही कमी होतं आणि ही कारणं जास्त दिसतात, मान्य. प्रत्येक थकलेल्या माणसाला हे नसतं हेही मान्य, युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात कडक निकष लावल्यावर दोनेक टक्केच निघाले होते. पण त्या दोन टक्क्यांतही कुणाचा तरी दादा असतो ना.

आमच्या दादाच्या रिपोर्टवर एलएच आणि एफएसएच, म्हणजे मेंदूकडून वृषणांना हुकूम देणारे हार्मोन, दोन्हींपुढे 'हाय' छापलेलं होतं. म्हणजे मेंदू वरून ओरडून ओरडून ऑर्डर देतोय आणि खाली माल तयारच होत नाहीये. मग क्रोमोसोमची तपासणी झाली. ४६ च्या जागी ४७. पुरुषांत एक्सवाय असतं, दादात एक्सएक्सवाय. क्लाइनफेल्टर सिंड्रोम. साधारण सहाशे मुलग्यांमागे एकाला असतो, १९४२ पासून माहीत आहे, १९५९ मध्ये तो जादा एक्स सापडला, आणि तरी कित्येक पुरुषांना आयुष्यभर पत्ताच लागत नाही. घराण्यातून येत नाही, बीज तयार होताना योगायोगाने घडतं, आईचा दोष नाही की बापाचा नाही.

लांब पाय, विरळ दाढी, आठवड्यातून एकदा वस्तरा लागायचा त्यावरून होणारे विनोद, सगळं समोर होतं. वृषण लहान आणि टणक असतात, हाताने तपासलं तर दोन मिनिटांत शंका येते. एवढ्या वर्षांत एकाही डॉक्टरने त्याला पँट उतरवून तपासलं नाही. एकाही!

आणि वहिनी. मूल होत नाही म्हणून किती वर्षं तिच्याच तपासण्या, तिलाच गोळ्या, तिलाच बोलणी. दादाची साधी वीर्यतपासणी कुणी करू दिली नाही, कारण आमच्या मुलात काय खोट असणार! हे लिहिताना आत्ता हात थरथरतोय माझा.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी दादा मला म्हणाला, "म्हणजे मी आळशी नव्हतो." पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि त्याला पहिल्यांदा हे वाटलं. किती खोल गेलं असेल ते बोलणं. आता टेस्टोस्टेरॉनचं जेल लावतो, रक्त घट्ट होत नाहीये ना आणि प्रोस्टेट ठीक आहे ना हे बघायला ठरावीक महिन्यांनी रक्त देतो, जिना बऱ्यापैकी चढतो. हाडांना वेळ लागेल म्हणालेत.

कुणाला शंका असेल तर सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. कमी आलं तर एलएच, एफएसएच करायला सांगा. आणि जिममधल्या पोरांनो, ज्यांना मूल हवंय त्यांनी बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेऊ नका, त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

वहिनीने डॉक्टरबाईंना विचारलं, तेव्हाच कळलं असतं तर? त्या खोटं बोलल्या नाहीत, म्हणाल्या एक्सएक्सवाय असलेल्या बऱ्याच पुरुषांत शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू काढता येतात, कदाचित जमलं असतं. तर ज्यांनी ज्यांनी वहिनीला बोल लावले, आणि ते सगळे हे वाचणाऱ्यांत आहेत मला माहितीये, त्यांनी तिच्याकडे जाऊन माफी मागा. मेसेज नको. घरी जाऊन, तिच्यासमोर बसून.