टचपॅड वर आलाय, तो दाबू नका

सांगलीत विश्रामबागेतल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर रात्री नऊनंतर आमचा कट्टा भरतो. काल पम्या लॅपटॉप घेऊनच आला.

"टचपॅड क्लिकच होईना. दुकानात दाखवला. तो म्हणाला, स्क्रू आवळून दाबून बसवतो, दोनशे रुपये. देऊ का?"

मी लॅपटॉप मिटून फरशीवर ठेवला. चारी कोपरे टेकेनात, बोट लावलं की डुगडुगत होता. उघडून पाहिलं तर टचपॅडची पुढची कड नखभर वर आलेली आणि मनगट टेकवतो तिथला भाग फुगीर.

"दाबायचा नाही. बॅटरी फुगलीय," मी म्हणालो.

संज्या उसळला. "तुझं नेहमीचंच! माझा २०११ चा लॅपटॉप सहा वर्षं रात्रंदिवस चार्जिंगला होता. कुठं फुगला?"

"त्याची बॅटरी खालची खिट्टी सरकवली की निघायची ना? आत गोल सेल, पत्र्याच्या डबीतले. आताच्या पातळ लॅपटॉपात सेल म्हणजे चपटी पुडी, शाम्पूच्या पुडीसारख्या मऊ आवरणातली. उष्णतेनं आणि वयानं आतलं द्रावण बिघडतं, गॅस होतो, पुडी फुगते. डबीला असं फुगता येत नाही, म्हणून तुला दिसलं नाही. शेवटी बॅकअप किती राहिला होता?"

"दहा मिनिटं," संज्या जरा वेळानं म्हणाला.

"मग शून्यावर आणून पुन्हा शंभर करायचं का दर वेळी?" अण्णांनी विचारलं. ही जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली सवय, अजून घरोघरी आहे. लॅपटॉपातल्या लिथियम-आयन बॅटरीचं उलट असतं. तिला अगदी रिकामं होणं मानवत नाही आणि भरलेल्या अवस्थेत तापत पडणंही मानवत नाही. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज साधारण ४.२ असतो, तेव्हाच तिची झीज जास्त. म्हणून बऱ्याच लॅपटॉपात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय दिलेली असते. पम्यानं ती कधी उघडलीच नव्हती. त्यात लॅपटॉप पोरीच्या अभ्यासाला, गादीवर, वरच्या मजल्यावर स्लॅबखाली, मे महिन्यात. हवा आत घ्यायच्या जाळ्या बहुतेक लॅपटॉपना खालूनच असतात. गादीत त्या पार बुजतात.

"आणि लाईट गेली की? ८० टक्क्यांवर पोरीचा पेपर कसा पुरा व्हायचा?" संज्याचा हा मुद्दा मला पटला. लाईट जाणार असं वाटलं तर आदल्या रात्री भरावा शंभर टक्के, एका दिवसानं काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने शंभरवर तापत ठेवणं वाईट.

अण्णा आयुष्यभर वायरमन होते, ते मधेच म्हणाले, "चार्जरची तिसरी पिन मोडलेली असली तर तीही बदल. पत्र्याच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, ते अर्थिंग नसल्यामुळं." पम्या गप्प. त्याची मोडलेलीच होती.

पण संज्या दोनशे रुपयांवरून हटेना. "नवी बॅटरी काही हजारांची. दाबून दोन महिने काढेल की!"

इथं माझा आवाज चढला. सेलच्या आत दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. दाबानं किंवा स्क्रूच्या टोकानं तो फाटला की आतल्या आत शॉर्ट, सेल स्वतःच तापत जातो, एकामुळं शेजारचा पेटतो आणि आग सहज विझत नाही. स्क्रू आवळणारा संध्याकाळी घरी जाईल. लॅपटॉप पोरीच्या मांडीवर असेल.

त्यावर कोणी काही बोललं नाही. पम्यानं तिथंच शटडाऊन केला.

"आता चार्जर लावूच नको. रात्री कपाटात नको, पलंगाखाली नको. गॅलरीत मोकळ्या फरशीवर ठेव, आसपास कापड नको. सकाळी कारागिराकडून बॅटरी काढून घे. जुनी त्याच्याकडंच द्यायची. घंटागाडीत टाकलीस तर तिथं कचरा दाबतात. बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलीय, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही विचार."

"चार्जरची पिन मी बघतो, घेऊन ये," अण्णा म्हणाले.

गाडी संज्यानंच काढली. पम्या मागं बसला, लॅपटॉप दोन्ही हातांत ताटासारखा आडवा धरून.

"खड्डे बघून घे रं," अण्णांनी मागून हाक दिली.