दाजी माझे नव्हते

आधी एक गोष्ट लिहून ठेवतो म्हणजे पुढे वाद नको. दाजी माझे नव्हते. मला सख्खी, चुलत, मावस कुठलीच बहीण नाही, त्यामुळे दाजी असायचा प्रश्नच येत नाही, आणि असते तरी मी त्यांना भर कार्यक्रमात व्हिडिओ कॉल लावला नसता.

झालं असं की शनिवारी बाणेरला एका लॉनवर एका मराठी बँडचा शो होता. पोरं स्वतःची गाणी करतात, चांगली करतात. पुतण्याने लिंक पाठवली, तिकीट काढलं, वर कन्व्हिनियन्स फी भरली (कोणाचा कन्व्हिनियन्स ते विचारू नका), सातचा शो साडेआठला सुरू झाला. आणि माझ्या बरोब्बर मागे तो उभा होता.

गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, एका हातात प्लास्टिकचा ग्लास, दुसऱ्या हातात फोन आणि फोनमध्ये दाजी. दाजी इस्लामपूरला, सोफ्यावर, बनियनवर. मला हे सगळं माहीत असायचं कारण म्हणजे फोन माझ्या डाव्या कानापासून वीतभर लांब होता आणि मान जराशी वळवली की दाजींचं अर्धं कपाळ दिसायचं.

"दाजी, दिसतंय का?"

"अंधार दिसतोय."

"थांबा, ड्रमवाल्याकडं करतो."

"ह्यो का वाजवंना झालाय?"

"स्लो गाणंय दाजी."

"मग वाजवाय लाव की त्याला!"

आणि हा आज्ञाधारक माणूस खरंच ओरडला, "ओ ड्रमवाले! वाजवा की!"

स्टेजवर काय चाललं होतं ते सांगतो. आजी गेल्यावर गावचं घर बंद पडतं, त्यावरचं गाणं. एक गिटार, एक आवाज, एवढंच. ड्रमर बिचारा दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखा बसलेला. त्याने दचकून गायकाकडे पाहिलं, आपली एन्ट्री चुकली की काय म्हणून. गायक डोळे मिटून गात राहिला. माझ्या शेजारच्या मुलीच्या डोळ्यात पाणी होतं आणि मागून दाजी म्हणत होते, "आवाज येईना बग."

"आवाज वाढवा! दाजींना ऐकू येईना!"

दोन कडव्यांच्या मधे गायकाने जरा श्वास घेतला तर तेवढ्यात ह्याने फर्माईश घुसवली. "ते हळदीतलं घ्या की!" कोणीतरी चिडून विचारलं, कुठलं हळदीतलं? "अहो ते... दाजी, कुठलं ओ ते?" तर दाजींनी गाऊन दाखवलं. इस्लामपूरच्या सोफ्यावरून, मधेमधे रेंज जात, पण पट्टी सोडली नाही माणसाने.

आता मात्र मी वळलो आणि म्हटलं, जरा हळू बोला ना. यावर माणूस भांडेल, निदान गुरकावेल अशी आपली तयारी असते. हा एकदम विरघळला. "सॉरी सर, सॉरी. दाजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ओ, घरात बसून करमंना त्यास्नी." आता बोला! गुडघ्याच्या ऑपरेशनपुढे काय बोलणार? मी नुसता हम्म केलं. पण तो फोनला म्हणाला, "दाजी, हे पुढचे सर म्हणतायत हळू बोला." दाजी म्हणाले, "दे त्यांच्याकडं."

आणि त्याने दिला! काय होतंय कळायच्या आत फोन माझ्या हातात आणि दाजी समोर.

"नमस्कार. गाव कुठलं आपलं?"

अंधारात उभ्या असलेल्या त्या अख्ख्या गर्दीत नेमका माझाच चेहरा त्या क्षणी फोनच्या उजेडाने उजळून निघालेला. स्टेजवर लाइट तोंडावर असतात, तिथून खालचं फारसं दिसत नाही म्हणतात. मी दिसलो. गाणं संपलं, गायकाने माइक हातात घेतला, बोट माझ्याकडे केलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, तुम्हीच ना मघापासून? दाजींना म्हणावं तिकीट काढून या. आणि हळद ठरली की कळवा, तिथे वाजवू."

लॉन फुटलं हसून. शिट्ट्या, टाळ्या. मघाची रडणारी मुलगीसुद्धा हसली. मागचा तर सगळ्यात जोरात हसला, वर माझ्या पाठीवर थाप मारली. आणि हातातल्या फोनमधून दाजी, "कोण ओ? काय म्हनला त्यो?"

टोला चांगला होता हे मान्य. माझ्यावर बसला नसता तर मीही घरी येऊन दहा जणांना सांगितला असता. पण तिथे "मी नाही, हा मागचा" असं ओरडून सांगायची सोय नसते. सांगितलं की तोही व्यत्ययच.

यात इतिहासाचा एक विनोद आहे. १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये लोकगीतांनी गाजलेला अमेरिकन गायक बॉब डिलन पहिल्या भागात एकटा गिटार घेऊन गायला आणि दुसऱ्या भागात इलेक्ट्रिक बँड घेऊन आला. लोकगीतवाल्यांना तो दगाफटका वाटला, आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत एकाने हाक मारली, "जुडास!" (म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य.) डिलन म्हणाला, तुझ्यावर माझा विश्वास नाही, तू खोटारडा आहेस, आणि बँडला सांगितलं वाजवा मोठ्याने. पुढे ती हाक इतकी गाजली की एकापेक्षा जास्त लोक "तो मीच" म्हणून पुढे आले. तिकडे श्रेय घ्यायला चढाओढ, आणि इकडे मी नाही नाही म्हणतोय तर कोणी ऐकत नाहीये.

पण त्या ओरडणाऱ्याची अक्कल बघा. एक शब्द. दोन गाण्यांच्या मधे. आणि मनात खरोखर काहीतरी जळत होतं म्हणून. पुढच्या गाण्यात लुडबुड नाही, कोणाचा व्हिडिओ कॉल नाही.

आपल्याकडे हे सगळं कळत नव्हतं असं अजिबात नाही. संगीत नाटकाच्या काळात वन्समोअर घेऊन घेऊन नाटकं पहाटेपर्यंत चालायची, पण वन्समोअर पद संपल्यावर, मधल्या तानेत नाही. शास्त्रीय बैठकीत समेवर "क्या बात है" म्हणणारा रसिक, आणि सम सोडून भलतीकडेच म्हणणाऱ्याकडे तबलजी असा काही बघतो की पुन्हा हिंमत होत नाही. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला फर्माईश चिठ्ठीवर लिहून वर जायची आणि निवेदकाला वाटलं तर तो वाचायचा, नाहीतर खिशात घालायचा. सगळ्यात सरळ हिशोब संगीतबारीत. तिथे आवडती लावणी हवी तर दौलतजादा करायची, नोट पुढे करायची. मला हा नियम फार न्याय्य वाटतो. दाजींना हळदीतलं हवंय ना? पाचशेची नोट वर पाठवा, मग ड्रमवाला ठरवेल. फुकट फर्माईश झाली की तिला अंत राहत नाही.

आणि ओरडायचंच असेल तर ओरडण्यासारख्या गोष्टी कमी आहेत का? दीड तास उशीर झाला, तेव्हा हा लॉनवरचा एकही शूर आवाज निघाला नाही, सगळे निमूट मोमोज खात उभे. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे, ऑर्गनायझरला काय स्वप्नात कळला? दहाला पाच कमी असताना कोणीतरी येऊन गायकाच्या कानात सांगितलं, त्याने हात जोडले आणि सेटमधली शेवटची गाणी तशीच राहिली. ज्यासाठी मी गेलो होतो ते त्यातच होतं. पैसे पुऱ्या शोचे. पोरांचा यात काही दोष नाही, ती सहापासून साउंडचेकसाठी ताटकळत होती असं पुतण्या म्हणाला. तेव्हा ओरडायला मी तोंड उघडलं होतं खरं, पण शेजारची मुलगी आधीच माझ्याकडे बघून हसायला लागली, म्हटलं जाऊ दे, आपली पत संपली इथली.

पार्किंगचे शंभर वेगळे, पावती नाही. रविवारी सकाळी मेल आला, अनुभव कसा वाटला, पाचपैकी तारे द्या. एक दिला. तर कारण लिहायला दोनशे अक्षरांचा चौकोन. त्यात उशीर बसवला तर राहिलेली गाणी बसेनात, गाणी बसवली तर पार्किंग बाहेर. खाडाखोड करेपर्यंत त्याच लोकांचा दुसरा मेसेज येऊन पडला, पुढच्या महिन्यातला शो, अर्ली बर्ड सवलत, कन्व्हिनियन्स फी वेगळी.